मुंबईत हीटर लावणारा माणूस

जगातल्या प्रत्येक वस्तूला ताप येतो आणि तो वेळेत कळला नाही तर दोष आपलाच, असं मानणारा माझ्या माहितीत एकच माणूस आहे आणि तो नेमका माझा साडू आहे. माहुलच्या बाजूला एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं बॉयलर सांभाळला. पुढे ते निवृत्त झाले, बॉयलर भंगारात गेला, पण त्यांचा तळहात कामावरच राहिला. मुलुंडच्या त्यांच्या घरात पाऊल टाकलं की आधी तो तळहात आपल्या कपाळावर येतो, मग 'या, बसा'. चहाचा कपही थेट मिळत नाही. ते बोटांची मागची बाजू कपाला लावतात, 'दोन मिनिटं थांबा' म्हणतात, आणि पाहुणे मुकाट्याने थांबतात. माझी जीभ जन्मापासून उतावळी, जाईन त्या घरी भाजते. त्यांच्याकडे मात्र कधी भाजली नाही.

फ्रिज, इस्त्री, चार्जर, शेजारचं तान्हं बाळ, या हातातून काही सुटत नसे. सोसायटीत उभ्या असलेल्या गाड्यांच्या बॉनेटवर तर ते जाता-येता असा हात ठेवत, जसा कुणी गोठ्यातल्या म्हशीच्या पाठीवर ठेवतो. एकदा तळमजल्यावरच्या वहिनी सकाळच्या रेल्वेने माहेराहून परतल्या. साडूंनी त्यांच्या घरच्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून आपुलकीने सांगितलं, "साहेब पहाटेच आले वाटतं, इंजिन अजून कोमट आहे." साहेबांनी बायकोला रात्रभर घरीच असल्याचं फोनवर सांगितलं होतं. त्या घरात पुढे महिनाभर जे काही तापलं, ते तपासायला मात्र साडू गेले नाहीत.

ही अशी मजा चालू असतानाच ताईची मूत्रपिंडं गेली. ताई म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. आठवड्यातून तीनदा घाटकोपरला डायलिसिस सुरू झालं. चार तास त्या यंत्राला जोडून घेतल्यावर ताईला अशी हुडहुडी भरायची की भर दुपारी रिक्षातल्या वाऱ्यानेही तिचे दात वाजत. साडूंनी निवृत्तीच्या पैशांतून नवी गाडी घ्यायची ठरवली. सल्लागार म्हणून मी बरोबर होतो. मला गाडीचा रंग तेवढा कळतो. शोरूममधला माणूस डॅशबोर्डवरचा पडदा दाखवत होता, स्पीकर वाजवत होता. साडूंनी त्याला मध्येच थांबवलं आणि म्हणाले, "हीटर लावून दाखवा." महिना मे होता.

तेव्हापासून काचा वर करून हीटर लावून जाणारी मुंबईतली ती एकमेव गाडी असावी. मी एकदा तिच्यात मागे बसलो. विक्रोळी येईपर्यंत माझा शर्ट पिळण्याजोगा झाला होता. पुढच्या सीटवर ताई शाल गुंडाळून म्हणाली, "आता बरं वाटतंय." साडूंच्या नाकावरून घाम ठिबकत होता आणि चेहऱ्यावर बॉयलरचा दाब बरोबर लागल्याचं समाधान होतं.

दुसऱ्या वर्षी तो हीटर कोमट झाला. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं, पण साडूंच्या तळहाताला कळलं. ते सर्व्हिस सेंटरला गेले. तिथला मॅनेजर हसला. "काका, मुंबईत हीटर कोण लावतं? एसी झकास आहे ना? मग गाडी ठणठणीत." साडूंनी सांगितलं, हीटर ज्यावर तापतो ते इंजिनाचं पाणीही कमी होतंय, खाली थेंब पडत नाही, म्हणजे ते आत कुठेतरी जातंय. "उन्हाळा आहे, उडतं," मॅनेजर म्हणाला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा ते गेले नाहीत. पाणी बघितल्याशिवाय आग लावायची नाही, हा त्यांचा बॉयलरवरचा पहिला नियम. रोज सकाळी बॉनेट उघडायचं आणि टाकीतलं पाणी खुणेपर्यंत भरायचं. तेही नळाचं नाही. उकळून, निववून, ताईच्या जुन्या ओढणीतून गाळून.

एक दिवस परतताना भांडुपला गाडीने पांढरा धूर सोडला आणि ती उभी राहिली. ताईला रिक्षात घालून घरी आणावं लागलं. इंजिन उघडल्यावर कळलं, आतल्या सांध्यातलं गॅस्केट फाटलं होतं आणि पाणी त्यातूनच इंजिनात जात होतं. गाडी वॉरंटीत होती. सर्व्हिस सेंटरला जाण्यापूर्वी मी साडूंची तयारी करून घेतली. सरकारी नोकरीत मी दुसरं काही शिकलो नसलो तरी काय बोलू नये ते शिकलो होतो. म्हटलं, "पाण्याचं नाव काढू नका. विचारलंच तर सांगा, मी बॉनेटला कधी हात लावला नाही." हे मी त्या माणसाला सांगत होतो. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

मॅनेजरने विचारलं, "टाकीत कूलंटऐवजी साधं पाणी कोणी घातलं?"

"मी."

"कधी?"

"रोज. उकळून."

मॅनेजरने ते टाइप केलं आणि वॉरंटी संपली. गाडीमालकाने साधं पाणी घातलं, म्हणून गॅस्केट गेलं. गॅस्केट जात होतं म्हणून पाणी घालावं लागलं, हे साडूंनी मॅनेजरला सांगितलं, वरच्या साहेबांना सांगितलं आणि शेवटी गेटवरच्या वॉचमनला सांगितलं. त्याला पटलं. बाहेर आल्यावर मी चिडलो, तर म्हणाले, "साडूभाऊ, बॉयलरवाला पाण्याबद्दल खोटं बोलत नाही. एकदा बोलला की पुढच्या पाळीचा माणूस जिवानिशी जातो."

आवारात त्याच मॉडेलच्या आणखी तीन गाड्या बॉनेट वर करून उभ्या होत्या. साडूंनी तिन्हींवर हात ठेवला, मालकांना चार प्रश्न विचारले. आजार तोच आणि उत्तरही तेच, चूक तुमची. त्यांतल्या दिंडोशीच्या एका नर्सबाईंनी पुढाकार घेतला. चौघांनी मिळून ग्राहक मंचाकडे जायचं ठरलं. आधी हीटर थंडावला, मग पाणी उतरलं, आणि मग आपण ते भरलं, हा क्रम फक्त साडूंना ठाऊक होता, कारण हीटर लावणारे तेवढेच होते. सगळी भिस्त त्यांच्या साक्षीवर होती.

तारीख पडेपर्यंत ताई रिक्षाने जात राहिली. पोटाशी गरम पाण्याची पिशवी, एका बाजूला पडदा, दुसऱ्या बाजूला साडू. एका गुरुवारी ती उठलीच नाही. म्हणाली, "आज नको. यंत्राचं काही नाही, येतानाचा गारठा सोसत नाही." पुढच्या वेळीही ती तेच म्हणाली. डॉक्टरांनी साडूंना बाजूला घेऊन सांगितलं, असं चुकवत राहिलात तर फार दिवस नाहीत.

त्याच आठवड्यात कंपनीचा कागद आला. गाडी फुकट दुरुस्त करून देऊ, फक्त खाली सही करा. कागदावर लिहिलं होतं की साधं पाणी घातल्यामुळेच गॅस्केट गेलं, गाडीत मुळात दोष नव्हता, आणि कंपनी हे केवळ माणुसकी म्हणून करत आहे. साडूंनी तो दोनदा वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. आतल्या खोलीत ताई दोन गोधड्यांखाली होती.

"करून टाका," मी म्हटलं.

ते पुन्हा माझ्या कपाळाला हात लावतील असं मला वाटलं. त्यांनी पेन मागितलं.

तो कागद कंपनीने उरलेल्या तिघांनाही, 'बघा, तुमच्याच साक्षीदाराची सही', म्हणून दाखवला. नर्सबाईंचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. फोन स्पीकरवर होता. "काका, ताई कशा आहेत?" एवढंच त्यांनी विचारलं. "जातेय आता नेमाने," साडू म्हणाले. फोन आधी कोणी ठेवला ते मला कळलं नाही.

हीटर आता उत्तम चालतो. ताई आठवड्यातून तीनदा घामाघूम नवऱ्याशेजारी शाल पांघरून जाते-येते. परवा मी मुलुंडला गेलो. खाली गाड्यांची रांग होती. साडू मला घ्यायला आले होते, ते त्या रांगेतून दोन्ही हात पाठीमागे बांधून चालत आले. वर गेल्यावर त्यांनी माझ्या कपाळाकडेही पाहिलं नाही. चहा केला आणि कप सरळ माझ्या हातात दिला.

जीभ चांगलीच भाजली. मी तसाच दुसरा घोट घेतला.