नातवाने जीपला टर्बो बसवला

बोलतेय मी, लिहितेय नात.

आज सकाळी डोळखांबच्या चढावर आमची जीप मेली. माझ्या नातवाने, गणेशने, जुन्या इंजिनाला भंगारातला टर्बो, म्हंजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, बसवला होता. वीस माणसं भरून चढ मारायची हौस!

मिस्त्री म्हणाला, "आजी, इंजिनाचा ब्लॉकच फुटला. त्याच्या भिंती एवढा दाब सोसायला बनवलेल्याच नाय."

मी गणेशला म्हटलं, "अरे शहाण्या, फुंकणीने जाळ वाढवताना चुलीवरचं मडकं सोसंल का ते बघतात. तुला शाळेऐवजी चुलीपाशी बसवायला हवं होतं!"

तो हसला नाय. नातसुनेला नववा महिना लागलाय आणि पाड्यावर दुसरी गाडी नाय.

शहापूर-मुरबाडात कोणाकडे तसला जुना ब्लॉक आहे का? नसंल तर कळा सुरू झाल्यावर तिला शहापूरला दवाखान्यात न्यायला कोण येईल? खाली नुसतं "मी" लिहा. नात वाचून दाखवील.