अर्थमंत्र्यांची ओळ

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीवरच्या भिंतीवर, एक निळी चौकट रंगवलेली आहे. राष्ट्रपती, पंतप्रधान, गृहमंत्री, अर्थमंत्री असं एकाखाली एक लिहिलंय आणि पुढं नावं. माणूस बदलला की जुन्या नावावर निळा हात मारायचा आणि वाळला की पांढऱ्या रंगानं नवं नाव काढायचं. हे काम माझ्याकडं. माझे वडील भूममध्ये दुकानांच्या पाट्या रंगवायचे, त्यामुळं माझ्या अक्षराला वळण आहे. शिवाय शाळेत दुसऱ्या कुणाला तेवढा उरक नाही.

सगळ्यात जास्त हात बसलेत ते अर्थमंत्र्यांच्या ओळीला. ती खुर्ची कुणाला धरून ठेवत नाही. कुणी दुसऱ्या खात्यात गेलं, कुणाचं सरकारच गेलं, कुणी गेलं आणि परत आलं, मग मी त्याच जागी तेच नाव पुन्हा काढलं. गावात बजेटच्या दिवशी खताचं काय झालं, डिझेलचं काय झालं एवढंच विचारतात. ते वाचणारं कोण, याची कुणाला पडलेली नसते. त्या ओळीवर इतके थर चढलेत की बोट फिरवलं तर उंचवटा लागतो. पोरं पाणी पिऊन ओल्या हातानं तो चाचपतात. मी ओरडते, ती परत चाचपतात.

सातवीतल्या एका मुलीला मात्र नुसतं चाचपून भागेना. "बाई, ह्यांच्या आधी कोण हुतं? अन् त्यांच्या आधी?" असं ती विचारत राहायची. चारपाच नावांपुढं माझीही गाडी अडली. मग मी पुस्तकं चाळली आणि आम्ही दोघींनी मिळून स्वातंत्र्यापासूनचे सगळे अर्थमंत्री तिच्या वहीत ओळीनं उतरवले. कोण कुणाच्या नंतर आलं, हे तिला घरच्या माणसांसारखं पाठ झालं.

आमची शाळा सातवीपर्यंतच. पुढं शिकायचं तर एसटीनं भूमशेजारच्या वाशीला जावं लागतं. तिच्या आजोबांनी अट घातली होती. भूमला दोन तालुक्यांतल्या शाळांची सामान्यज्ञान स्पर्धा असते. "तितं पैली आली तर धाडतो वाशीला," ते मला म्हणाले होते, "न्हायतर बास झाली साळा." मला त्यांचा राग आला होता, पण अट तरी घातली, दार लावून तर घेतलं नाही, म्हणून मी तिच्या तयारीला लागले.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी बातम्यांत सांगितलं की अर्थ खातं दुसऱ्या मंत्र्याकडं गेलं. सकाळी एसटीत मुलगी माझ्या कानाशी लागली. "बाई, मंत्री बदलले की. आता काय लिहू?"

मी म्हणाले, "गाइडमधलं जुनंच लिही. छापील तेच उत्तर."

हे वाक्य माझं नव्हतं. मला सातवीला शिकवणाऱ्या सरांचं होतं. त्यांनी ते आमच्या डोक्यात इतकं ठोकून बसवलं होतं की त्याच्या जोरावर मी सगळ्या परीक्षा पार केल्या आणि शिक्षिकाही झाले. सर आता निवृत्त झालेत आणि त्या स्पर्धेचे मुख्य परीक्षक तेच होते. मला वाटलं, मी पोरीला अगदी खात्रीचा रस्ता दाखवला.

तिथं निकाल जाहीर करण्याआधी मुलांबरोबर आलेल्या शिक्षकांना आतल्या खोलीत बोलावतात. 'निकाल मान्य आहे' असं छापलेल्या कागदावर सगळ्यांनी सह्या करायच्या, मग बाहेर नावं पुकारायची. कागद माझ्यापुढं आला तेव्हा माझी मुलगी दुसरी होती. एका गुणानं. मी तिचा पेपर बघायला मागितला. अर्थमंत्र्यांच्या दोन गुणांच्या प्रश्नावर लाल फुली होती. तिनं नवं नाव लिहिलं होतं आणि त्याखाली बारीक अक्षरात 'कालपासून'.

"सर, हे बरोबर आहे," मी म्हणाले.

"माहीत आहे की," सर शांतपणे म्हणाले. "मीही टीव्ही बघतो. पण उत्तरं महिन्यापूर्वीच छापून आलीत. छापील तेच उत्तर. तुला हे मी वेगळं सांगायचं?"

माझे कान तापले. सकाळी एसटीत मी म्हणालेलं वाक्य जसंच्या तसं माझ्या तोंडावर आलं होतं. आधी लाज वाटली. मग संताप आला. मी पेनाला टोपण लावलं.

"तुम्हाला खरं माहीत आहे, तरी फुली मारली?"

"बाकी सगळ्यांनी जुनंच लिहिलंय. सगळ्यांचे गुण काढू का?"

"काढा."

बाकीचे शिक्षक चुळबुळायला लागले. एकजण म्हणाले, "बाई, एका मार्कापायी किती ताणताय? करा सही, आमची एसटी चुकंल." दुसऱ्यांनी आपलं पेन माझ्यापुढं सरकवलं, जसं काही माझ्याकडं पेनच नव्हतं.

मी उभी राहिले. "सकाळी मीच तिला जुनं लिही म्हणाले होते," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "तिनं माझं ऐकलं नाही, ती खरं लिहून आली. ऐकलं असतं तर पहिली आली असती. पोरगी खरं लिहून हरली, हे मला मान्य नाही. मी सही करणार नाही."

सरांनी कागद आपल्याकडं ओढून घेतला. "तुझ्या सहीवाचून निकाल अडत नाही," ते म्हणाले.

"मग करा जाहीर."

त्यांनी केला. दुसऱ्या शाळेच्या मुलाला ढाल मिळाली.

येताना एसटीत मुलगी खिडकीबाहेर बघत होती. ज्वारी हुरड्यात आली होती. ती म्हणाली, "बाई, तुमचं ऐकायला पायजे हुतं का?"

"नाही," मी म्हणाले. "मीच चुकले."

"म्या डोळ्यांनी बघितलं हुतं बातम्यांत. मग जुनं कसं लिहू?"

मी तिला तशीच तिच्या घरी घेऊन गेले. आजोबा अंगणात बसले होते. "पैली आली का?" त्यांनी विचारलं.

"आली," मी म्हणाले.

"कागूद कुटंय?"

"कागदावर दुसरी लिहिलंय. तुम्ही सकाळी शाळेत या."

सकाळी ते आले तेव्हा मी निळा हात मारून ठेवला होता आणि ब्रश मुलीच्या हातात दिला होता. टाकीवर चढून ती नवं नाव काढत होती. अक्षर थोडं उताराला लागलं, पण मी हात लावला नाही. आजोबांनी विचारलं, "हे कवा बदललं?"

"परवा सांजच्याला," ती म्हणाली.

"अन् पेपर कवा हुता?"

"काल."

त्यांनी काल घडलेलं सगळं माझ्याकडून नीट ऐकून घेतलं. टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "मंग हिचं बरोबर हुतं की," ते म्हणाले. "जूनला हिचा दाखला काढून ठिवा, बाई. वाशीचा."

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा ती दाखला न्यायला आली. तोवर अर्थमंत्री पुन्हा बदलले होते. तिनं दाखला माझ्याकडं धरायला दिला, ब्रश मागून घेतला आणि टाकीवर चढली.

ती आता कॉलेजात आहे. भूमच्या त्या निकालाच्या फाइलमध्ये माझ्या नावापुढची जागा अजून रिकामी आहे. सरांचा निरोप दोनदा आला, "जुनं झालं, सही करून टाक, फाइल पुरी होईल." मी दोन्ही वेळा सांगून पाठवलं की आधी फुली खोडा.