कुणाचाच नसलेला वास

इस्त्रीच्या दुकानातल्या मावशी गिऱ्हाइकांना चेहऱ्यापेक्षा वासाने जास्त ओळखायच्या. सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे कपडे हाताखालून गेले होते. कपडे धुतलेले असले तरी गरम इस्त्री टेकली की कापडात मुरलेलं थोडंफार वर यायचंच. गठ्ठ्यावरची चिठ्ठी पडली, तरी कॉलर नाकाशी नेऊन त्या सांगायच्या, हा शाळेतल्या सरांचा, ही बँकेतली बाई.

स्वतःला मात्र त्यांनी कधी काही लावलं नव्हतं. लेकीला एका मोठ्या दुकानात सेंटच्या काउंटरवर नोकरी लागली, तेव्हा तीच त्यांना एका सुट्टीच्या दिवशी ओढत तिथे घेऊन गेली.

“उन्हाळ्यात हलका लावायचा, लिंबासारखा,” लेक कागदाच्या पट्ट्या पुढे करत समजावू लागली. “थंडीत जरा जड चालतो. कामावर वेगळा, लग्नकार्याला वेगळा.”

“मी बारा महिने वाफेत उभी. मला कुठली आलीय थंडी?”

“तू हुंगून तर बघ.”

मावशी हुंगत गेल्या आणि गोंधळत गेल्या. पहिली पट्टी म्हणजे सरळ शाळेतले सर. दुसरी बँकेतली बाई, तीही फक्त थंडीतली. तिसऱ्या पट्टीला कोपऱ्यावरचे वकील आठवले, ज्यांच्या गठ्ठ्यातून बायकोचे कपडे अचानक यायचे बंद झाले होते. मावशींना भर दुकानात उगाच वाईट वाटलं.

“अगं, हे सगळे कुणाचे ना कुणाचे आहेत,” त्या हळूच म्हणाल्या. “वकिलांचा वास लावून मी कशी फिरू?”

“ते राहू दे. तुला स्वतःला काय आवडतं?”

मावशींनी पुढची पट्टी उचलली. पंधरा-सोळा बाटल्या झाल्यावर एक वास आला, मोडलेल्या हिरव्या देठासारखा, किंचित कडवट. त्यांच्या एकाही गिऱ्हाइकाचा तो नव्हता. आवडला की नाही ते कळेना, पण मोकळा होता, म्हणून घेतला.

“हा संध्याकाळी बाहेर जाताना लावायचा हं,” लेक म्हणाली.

मावशींची संध्याकाळ दुकानातच जायची. त्यामुळे बाटली पंधरा दिवस तशीच पडून राहिली. मग एका सकाळी त्यांनी दोन्ही मनगटांवर एकेक फवारा मारला, आणि पुढे रोजच मारू लागल्या.

महिनाभराने दातांच्या डॉक्टरांची बायको दुकानात आली. तिच्या हातात नवऱ्याचा सदरा होता.

“मावशी, तुमचं नाक पक्कं आहे म्हणतात,” ती इकडेतिकडे बघत म्हणाली. “हा वास कुणाचा आहे?”

मावशींनी बाही नाकाला लावली. त्यांना सदऱ्याचाच वास आला. परत हुंगलं, डोळे मिटून हुंगलं. काही वेगळं असेल तर शपथ.

“माझ्या कुठल्या गिऱ्हाइकाचा नाही हा, ताई. एवढं मी छातीठोक सांगते.”

“म्हणजे दुकानातून आलेला नाही.”

“नाही.”

बाई सदरा घेऊन गेली. आपण काहीतरी चुकीचं बोललो असं मावशींना दिवसभर वाटत राहिलं, पण काय ते उमगेना.

तिसऱ्या दिवशी लेक डबा द्यायला आली. इस्त्री करून ठेवलेल्या डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटांवर वाकून ती म्हणाली, “आई, कामावर लावतेस होय? ह्या कोटांना तुझा वास येतोय.”

“कसला वास? मला तर काहीच येत नाही.”

“रोजचा झाला की आपला आपल्याला येत नाही.”

मावशींना तो सदरा आठवला. रोज सकाळी पहिला गठ्ठा डॉक्टरांचाच असायचा, मनगटं ताजी असताना. इस्त्री बंद करून त्या तडक डॉक्टरांच्या घरी गेल्या. वाटेत काय बोलायचं ते चार वेळा ठरवलं आणि चारही वेळा मोडलं. दार उघडताच त्यांनी नुसतं मनगट पुढे केलं.

बाईने वास घेतला. ती हसेल किंवा चिडेल असं मावशींना वाटलं होतं. दोन्हीतलं काही झालं नाही.

“ताई, चूक माझी आहे. डॉक्टरांचा ह्यात काही संबंध नाही.”

“मी त्यांना परवा विचारलं,” बाई सावकाश म्हणाली. “त्यांनी माझी माफी मागितली.”

“माफी?”

“हो. पुन्हा असं होणार नाही म्हणाले.” ती मावशींच्या मनगटाकडे बघत राहिली. “मग माफी कशाची मागितली, मावशी?”

भांडण नको म्हणून माणूस काहीही कबूल करतो, असं मावशींना सांगावंसं वाटलं, पण तेच खरं कशावरून? “विचारून बघा ना,” एवढंच त्या पुटपुटल्या, आणि दुकानात परत येईपर्यंत तेही बोलायला नको होतं असं त्यांना वाटू लागलं.

दोन आठवडे डॉक्टरांचा गठ्ठा आला नाही. नंतर बाई स्वतः घेऊन आली. “कोटांना जरा कडक इस्त्री करा,” म्हणाली, आणि गेली. तिने विचारलं का, डॉक्टर काय म्हणाले, मावशींना कधी कळलं नाही.

त्या सेंट आता दुकान बंद असेल त्याच दिवशी लावतात. त्या दिवशी लेकीला जवळ बोलावून मनगट पुढे करतात आणि विचारतात, “येतोय का गं? कसा आहे?” लेक चांगला आहे म्हणते. मावशी स्वतः हुंगून बघतात, आणि ह्याला चांगलं म्हणायचं का, ह्याचा विचार करत बसतात.