आमच्या बँडचा दुखवटा

भूमच्या एसटी स्टँडसमोर माझा हार घातलेला फोटो फ्लेक्सवर झळकला, तेव्हा मी गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये खंजिरी वाजवत बसलो होतो. हे लिहितानाही डोकं फिरतं. फोटोत आम्ही चौघं होतो, वर ठळक अक्षरांत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. श्रद्धांजली बँडला आहे, माणसांना नाही, हेही लिहिलेलं होतं, पण खाली, बारीक अक्षरांत. फ्लेक्सवरचं बारीक अक्षर आमच्याकडं कुणी वाचत नाही.

आमचा रॉक बँड आहे. दिवसा मी जनावरांच्या दवाखान्यात नोकरी करतो, गायक गणिताच्या शिकवण्या घेतो, बाकीचे दोघं शेती बघतात. गाणी आमची बेताचीच होती, हे मला आधीपासून ठाऊक होतं. लोक यायचे ते आरोळीसाठी. गाणं संपत आलं की गायक मान मागं टाकून अशी आरोळी ठोकायचा की पुढचे लोक खुर्च्यांवर चढायचे, आणि मी ड्रम बडवून हात सुजवून घ्यायचो. जत्रा, गॅदरिंग, गणपती, सगळीकडं आम्हाला बोलावणं असायचं.

मग सोलापूरच्या डॉक्टरनं गायकाच्या गळ्यात बघून सांगितलं की तिथं गाठी झाल्यात, असंच ओरडत राहिलास तर आवाज जाईल. नुसता गाण्याचा नाही, बोलण्याचाही. त्याचं पोट शिकवणीवर, म्हणजे गळ्यावरच. पण बाहेर कुणाला सांगायचं नाही अशी त्यानं आम्हाला शपथ घातली. लोकांनी कीव केलेली त्याला चालत नाही. म्हणून आम्ही चाल बदलली. साधी गिटार, हार्मोनियम, सावकाश गाणी. ड्रमला त्यात जागा नव्हती, तेव्हा माझ्या हातात खंजिरी आली. मला ती आवडत होती असं नाही.

चाहत्यांनी मात्र उच्छाद मांडला. भजनी मंडळ झालात म्हणाले, विकले गेलात म्हणाले. भूममध्ये बसून आम्हाला विकत घेणारा कोण, हे एकानंही सांगितलं नाही. सगळ्यांत पुढं होता स्टँडजवळचा मोबाईल दुकानदार. त्याच्या दुकानात देवाच्या शेजारी आमचा फोटो. दंडावर आमच्या गाण्याची ओळ गोंदवून घेतलेली. एकदा दवाखान्यात आला, बाही वर केली आणि म्हणाला, “भाऊ, तुमी गाणं बदललंत. आता ह्या हाताचं म्या काय करू?” मी एका म्हशीला इंजेक्शन देत होतो. त्यालाही एक द्यावंसं वाटलं.

तर फ्लेक्स त्यानंच लावला. त्या फ्लेक्सचा फोटो फिरत फिरत ईट गावी माझ्या आत्याच्या सुनेच्या फोनवर पोचला. फोन करून ‘खरंच गेला का हो?’ असं विचारायची आमच्यात पद्धत नाही. ऐकलं की निघायचं. आत्यानं पिठलं-भाकरी बांधली, कारण मयताच्या घरी चूल पेटत नाही, सोयऱ्यांनी कडू घास न्यायचा असतो. एसटीनं ती आली आणि आमच्या दारात रडत उभी राहिली. पाठोपाठ तिच्या भावकीतल्या दोन बायकाही. आईला काही कळेना. तिनं मला फोन केला, “आत्या तुझ्या नावानं रडायली. लवकर ये.”

मी गायकाला गाडीवर मागं बसवून घरी आलो. मला बघून आत्यानं आधी माझे दोन्ही गाल चाचपले, मग पाठीत एक धपाटा घातला. “लेका, तू हायस की,” म्हणाली आणि पुन्हा रडली.

आता प्रश्न पिठलं-भाकरीचा. आई म्हणाली, “कडू घास हाय तो, घरात आणू नका. माझं लेकरू जितं हाय.” आत्या म्हणाली, “मग माघारी नेऊ? माघारी नेत न्हाईत, वैनी.” दोघींचंही बरोबर होतं. गाठोडं ओट्यावर राहिलं आणि माझं डोकं तापलं. मी दुकानदाराला बोलावून घेतलं.

आत्यानं त्याला ओट्यावर बसवलं. “कोण मेलंय, बाबा?”

“मावशी, तसं कुणी मेलं न्हाय. ह्यांचं संगीत मेलं.”

“मग संगीताचा फोटू लावायचा. माझ्या भाच्याचा कशापाई?”

तेव्हा गायकच पुढं झाला आणि गळ्याचं सगळं सांगून मोकळा झाला, हळू, घोगऱ्या आवाजात. दुकानदार ढसाढसा रडला. “आधी सांगायचं की, भाऊ,” एवढंच म्हणत राहिला. आत्यानं त्याला रडू दिलं. मग गाठोडं त्याच्यापुढं सोडलं. “दुखवटा तुझा हाय न्हवं? मग घास बी तूच खा.” आणि खाल्ला त्यानं, ओट्यावर मांडी घालून, एक भाकरी पूर्ण. दुसऱ्या दिवशी चौकात नवा फ्लेक्स, ‘लवकर बरे व्हा’. मला वाटलं, मिटलं.

नंतर जळकोटची जत्रा आली. तिथली सुपारी आम्ही आधीच घेतलेली होती. दुकानदार चाहत्यांची जीप भरून आला आणि आरोळी मागायची नाही अशी सगळ्यांना ताकीद देत फिरला. दिवेलागणीला आम्ही सुरू केलं. लोक चुळबुळले, पण बसले. एका गाण्याला तर बायकांनी डोळे पुसले. शेवटचं गाणं आलं आणि पहिल्या रांगेतून हात जोडून कुणीतरी म्हणालं, “एकदाच, भाऊ.”

तो दुकानदार होता. ज्याला सगळं माहीत होतं तो. ज्यानं भाकरी खाल्ली होती तो. मी खंजिरी खाली आपटली आणि गायकाकडं बघून मान हलवली, नको म्हणून. त्यानं माझ्याकडं बघितलं, मान मागं टाकली आणि ठोकली. लोक खुर्च्यांवर चढले.

सकाळी त्याचा आवाज नव्हता. अजून नाही. शिकवण्या बंद आहेत आणि डॉक्टर नीट काही सांगत नाहीत. दुकानदारानं त्या आरोळीचा व्हिडिओ ‘भाऊ परत आला’ म्हणून टाकला होता, तो अजून फिरतोय. रोज सकाळी तो गायकाच्या घरी हळदीचं दूध घेऊन जातो, आणि ते बघून मला आणखीच संताप येतो. काल मी गायकासमोर बसून त्या माणसाला तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या. गायकानं हात वर करून मला थांबवलं, फोनवर टाइप केलं आणि स्क्रीन माझ्याकडं फिरवली.

‘त्याला काही म्हणू नको. तो बोलला नसता तरी मी ओरडणारच होतो.’