तुळपुळ्यांची मोगरी आणि बापूरावांची झोप

आमच्या नारायण पेठेतल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर शरच्चंद्र तुळपुळे राहतात. निवृत्त झाल्यावर माणसं पर्वती चढतात, नाहीतर मोबाइलवरून देश चालवतात. तुळपुळ्यांनी मागच्या गॅलरीत सुतारकाम काढलं. गॅलरी इतकी अरुंद की रंधा मारायचा तर कोपर दाराबाहेर काढावं लागतं. या कारखान्यातून आजवर दोन स्टुलं आणि चपलांचा एक रॅक बाहेर पडला आहे. स्टुलं दिसायला देखणी आहेत. कुणाला बसायचं असेल तर तुळपुळे सतरंजी घालतात.

हा कारखाना बंद पडायची वेळ आली ती बापूराव खासनिसांमुळे. ते बरोबर खालच्या मजल्यावर राहतात. गणिताचे निवृत्त शिक्षक, सोसायटीचे अध्यक्ष आणि दुपारी एक ते चार गाढ झोपणारे. पेठेतला माणूस एक वेळ चहा सोडेल, पण ही झोप सोडायचा नाही. तुळपुळ्यांनी मात्र ती सुतारकामापायी सोडली होती आणि भर दुपारी लाकडाला भोकं पाडायची पटाशी ते लोखंडी हातोडीने ठोकत असत. एके दिवशी बापूराव बनियनवरच जिना चढून आले.

"तुळपुळे, आपण पटाशी लाकडावर ठोकता, पण भोक माझ्या डोक्याला पडतं."

येत्या रविवारच्या सभेत गॅलऱ्यांतली ठोकाठोकी कायमची बंद करण्याचा ठराव येणार, असं सांगून ते खाली गेले. तुळपुळ्यांच्या पत्नी हेमावहिनींनी सभेची वाटही पाहिली नाही. टेप घेऊन गॅलरी मोजली.

"वॉशिंग मशीन बसतंय," त्या म्हणाल्या. "शिवाय ते कपडे धुऊन झाले की थांबतं."

त्या संध्याकाळी तुळपुळे माझ्याकडे आले. चेहरा असा की लढाईला निघालेत आणि परत यायची घाई नाही. "दोष पटाशीचा नाही, लोखंडाचा आहे," ते म्हणाले. "पटाशी ठोकायला लाकडी मोगरी करतो. लाकडावर लाकूड आपटलं की आवाज बसका येतो. घरच्या तुकड्यांतून करतो."

"विकत मिळते की," मी म्हणालो.

"विकत?" ते ओरडले. "उद्या म्हणाल, पोळ्याही विकत आणा!"

"त्या आपण गेल्या दिवाळीपासून आणतोय," आतून हेमावहिनींचा आवाज आला. त्या आमच्याकडे भाजी निवडायला येऊन बसल्या होत्या, हे तुळपुळ्यांना ठाऊक नव्हतं.

तर मोगरी. तिच्या डोक्यासाठी जुन्या घराच्या चौकटीचा सागवानी तुकडा निघाला. दांड्यासाठी, मुलगा आमोद बेंगळुरूला जाताना मागे ठेवून गेलेल्या क्रिकेटच्या तीन स्टंपांपैकी मधला. आता ठोकळ्याला दांड्यासाठी चौकोनी भोक पाडायचं, आणि भोक पाडायला पटाशी ठोकायची. कशाने? हातोडीने! आवाज बंद करायचं हत्यार करायला आधी आवाज करणं भाग होतं. तुळपुळ्यांनी हातोडीला मोजा घालून पाहिला. दुसऱ्या ठोक्याला मोजा फाटला, आणि तो वहिनींनी नुकताच रफू केलेला होता.

पण माणूस हटला नाही. दुसऱ्या दिवशी स्कूटरवर मला मागे बसवून, मांडीवर ठोकळा देऊन, त्यांनी थेट खडकवासला गाठलं. तिथे कुणी दुपारी झोपत नाही, सगळे भजी खातात. पाण्याकडे पाठ करून तुळपुळे कठड्यापाशी बसले आणि भर गर्दीत ठोकायला लागले. शेजारी कणसं भाजणाऱ्या बाई बराच वेळ बघत होत्या.

"बाबा, काय इकायला बसलाय?"

"विकायला नाही. मोगरी करतोय."

"मग घरी करायची की. घर न्हाय का?"

"घर आहे. खाली अध्यक्ष आहेत."

बाईंना काय समजलं कोण जाणे, त्यांनी तुळपुळ्यांना एक कणीस फुकट दिलं.

सूर्य डोंगराआड जाईतो भोक पडलं. घरी येऊन स्टंप टोकाशी चौकोनी तासून बसवला, त्याच्या टोकाला चीर दिली आणि चिरेत पाचर ठोकली. म्हणजे दांडा आत फुगतो आणि डोकं निसटत नाही. पाचर घट्ट बसली. अंगठ्याएवढी वर उरली. जगातला कुठलाही सुतार ती इथे करवतीने उडवतो. पण तुळपुळे सदाशिवात जन्मले, नारायणात वाढले. चांगलं सागवान उडवून केरात टाकायचं त्यांच्या रक्तात नाही.

"वाया कशाला? आत बसतेय ना!" असं म्हणून त्यांनी आणखी एक ठोका घातला. मग आणखी एक.

टच्च! ठोकळा उभा तडकला. चीर दिली होती तीही नेमकी ठोकळ्याच्या लाकडातल्या रेषांच्या दिशेने, त्यामुळे पाचरेने तो सरपणासारखा फाडला.

तुळपुळ्यांनी दोन्ही अर्धी हाताने जुळवून पाहिली. मग उठले, सुतळी आणली आणि फुटकं डोकं करकचून बांधलं. "चार दिवस टिकली तरी पुरे," ते म्हणाले. "ही मोगरी दुसरी मोगरी करायला आहे." पुन्हा खडकवासल्याला जायची गरज उरली नव्हती, मला हायसं वाटलं. पण दुसरं लाकूड हवं होतं, सागवानाहून टणक. तसं लाकूड इमारतीत एकच होतं. बापूरावांचा जुना शिसवी पलंग मोडला होता आणि त्याचा एक जाडजूड खूर, म्हणजे पाय, पार्किंगमध्ये भिंतीला टेकून उभा होता.

मी म्हणालो, "उचला. अडगळच आहे ती."

"छे! विचारायला हवं." आणि ज्या माणसाने कारखाना बंद करायचं ठरवलं होतं, त्याच्याच दारावर तुळपुळ्यांनी बेल वाजवली. चार वाजून गेल्यावर, अर्थात.

"ती अडगळ नाही, सामान आहे," बापूराव म्हणाले. "कशाला हवंय?"

"आपली झोप राखायला."

बापूरावांनी मोगरीचं सगळं ऐकून घेतलं, फुटकीसुद्धा उलटसुलट करून पाहिली. "ठीक आहे. न्या खूर. पण परीक्षा मी घेणार. रविवारी दुपारी मी खाली झोपतो, तुम्ही वर ठोका. मला जाग आली, तर संध्याकाळी ठरावाला तुम्हीच अनुमोदन द्यायचं."

"दिलं," तुळपुळे म्हणाले.

मग त्यांनी दाढी सोडली, पेपर सोडला. सुतळीच्या मोगरीने शिसवाला भोक पाडताना तळहाताला फोड आले, ते फुटले, त्यावर हळद बसली. या वेळी दुसरा स्टंप बसवून पाचरेची चीर रेषांना आडवी दिली, आणि उरलेला तुकडा डोळे मिटून करवतीने उडवला. तो त्यांनी फेकला मात्र नाही. दार आपटू नये म्हणून खाली सारायला ठेवला.

रविवारी साक्षीदार म्हणून मला बापूरावांच्या खोलीत बसवण्यात आलं. बापूराव नव्या पलंगावर डोळे मिटून, कान टवकारून पडले होते. दोन वाजता वरून आवाज आला: धप्, धप्. शेजारच्या घरात कणीक तिंबावी तसा. बापूराव हलले नाहीत. धप्, धप्. थोड्या वेळाने त्यांचं घोरणं सुरू झालं, आणि ते त्या आवाजाहून बरंच मोठं होतं.

चारच्या ठोक्याला ते उठून बसले.

"काय हो, तुळपुळ्यांनी कच खाल्ली वाटतं? सुरूच केलं नाही."

मी त्यांना वर नेलं. गॅलरीत ढलप्यांचा ढीग होता. त्यात घामाघूम तुळपुळे बसले होते आणि समोरच्या फळीला ओळीने भोकं पडली होती. हेमावहिनी दारात उभ्या होत्या. टेप त्यांच्या हातात होती, पण गुंडाळलेली.

बापूरावांनी एकेका भोकात बोट घालून पाहिलं. मोगरी उचलली, वजन घेतलं, फळीवर स्वतः एक ठोका घातला. धप्.

"हा खूर माझा," ते म्हणाले.

"हो," तुळपुळे म्हणाले.

"वीस वर्षं पलंगाला होता, रात्रभर कुरकुरायचा." त्यांनी मोगरी तुळपुळ्यांच्या फोड आलेल्या हातात ठेवली. "आता गप्प बसलाय, तर बसू दे. सभेला वेळेवर या. ठराव घेत नाही, पण गणसंख्या लागते."