मामांच्या गाडीचं नाक

मामा चिडलेले नसले तर झोपलेले असत. त्यांचा सगळा राग वजनावर. हिवाळ्यात कामठीच्या पलीकडच्या मैदानावर गाड्यांची शर्यत असायची, नुसती वळणांची. त्या एका सकाळसाठी मामा वर्षभर आपल्या जुन्या लाल गाडीतून सामान बाहेर फेकत. पायपुसणी गेली, मागची सीट गेली, मामींनी चिकटवलेला पितळी गणपतीही घरात परत आला. "हे काहून ठेवलं गा इथं?" एवढं ओरडायचं आणि फेकायचं. मामी फणकारत, "एक दिवस मलेही उतरवून देतीन!"

मग मामांनी शिशाची बॅटरी काढून लिथियमची बसवली, एका हातात उचलता येईल अशी. "नाकावरचं ओझं उतरलं का गाडी वळणात ऐकते. जड नाकाची गाडी तुह्या सासऱ्यासारखी. सांगा काहीही, सरळच जाते." मला शेजारी बसवून त्यांनी वळण घेतलं. गाडी वळली. माझं पोट सरळ गेलं.

एवढ्यावर भाळून मीही तसलीच बॅटरी माझ्या गाडीत बसवली. मग भर मे महिन्यात, जरीपटक्याच्या बाजारात बायकोची खरेदी संपेपर्यंत, इंजिन बंद ठेवून पंखा आणि गाणी लावून मी ऐटीत बसलो. बॅटरीनं मान टाकली. मामा आले ते तोंड सोडतच. "हलकी हाये म्हणजे साठाबी कमी, येवढं समजत नाही तुले? बॅटरी हाये का पाण्याची टाकी?"

शेवटच्या दुखण्यात, दवाखान्यात, लाल गाडीची किल्ली माझ्या हातात कोंबतानाही मामा चिडलेलेच होते. "तिले जड करू नको." बस्स. एक गोड शब्द नाही! दहनाच्या दिवशीसुद्धा मला त्यांचा रागच येत होता.

आणि मी तिला जड केलं. गाडी महिनोन् महिने उभी, बॅटरी सारखी उतरलेली, वर ओरडायला कोणी नाही. मी सरळ शिशाची बसवली आणि मामींना बेसा गावी सोडायला निघालो. पहिलं वळण आलं. मला काही कळलं नाही. जन्मभर त्या सीटवर बसलेल्या मामींना कळलं.

"थांबव." त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, आत पाहिलं आणि भर रस्त्यात ओरडल्या, "हे काहून ठेवलं गा इथं?"

मी म्हटलं, "मामी, ऊन आहे, बसा ना."

त्यांनी हात करून ऑटो थांबवला.

"आधी ते उतरव. मग मले बसव."