गव्हाच्या कोठ्यांमागचं वायफाय

२०२४ साल. माझं वय त्र्याहत्तर. शाळा चौथीपर्यंत. पण चोपड्याजवळचं हे घर मी स्वतः उभं राहून बांधलं, दीड हात रुंद दगडी भिंतींचं. उन्हाळ्यात पंखा लागत नाही. माझ्या भिंतींना कोणी नावं ठेवली नव्हती, ती सुनेनं ठेवली.

"आबा, या भिंतींमुळे मागच्या खोलीत वायफाय येत नाही."

"बाहेर ओट्यावर बसून काम कर."

"कंपनीच्या मीटिंगमध्ये म्हशी ओरडतील, आबा."

ती मागच्या खोलीतून पुण्याच्या कंपनीचं काम करायची. मीटिंगमध्ये तिचं बोलणं तुटायचं. तिच्या साहेबानं सांगून टाकलं, लाईन सुधारा, नाहीतर पुण्याला येऊन बसा. ती गेली की मुलगा जाणार, नात जाणार. मी जाणाऱ्यातला नाही, हे त्यांनाही ठाऊक. बायको संक्रांतीनंतर वारली होती. म्हणजे घरात मी एकटाच. हे सगळं मला कळत होतं, पण आत काही हलत नव्हतं. ताट आलं की जेवायचं, दिवा मालवला की पडायचं.

मुलानं वायफायच्या जोडणीवाल्याला बोलावलं. चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला गडी. म्हणाला, "जुनं मशीन काढू. पुढच्या खोलीत नवीन मोठं बसवू आणि मधल्या खोलीत एक छोटं. छोटं मोठ्याकडून रेंज घेईल आणि मागे ढकलेल."

मधल्या खोलीत विजेचा बोर्ड एकच, आणि तो धान्याच्या कोठ्यांमागे. पत्र्याच्या तीन कोठ्या, माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. दोन गव्हाच्या, एक दादर ज्वारीची. गेल्या उन्हाळ्यात बायकोनं गव्हाला एरंडेल चोळून, निंबाचा पाला घालून भरलेल्या. भरलेली कोठी आमच्या घरात जागची हलवत नाहीत, रिकामी झाली की मगच. खालच्या तोंडानं लागेल तेवढं काढायचं, नवं पीक येईपर्यंत. काढायचं कामही तिचंच. ती गेल्यावर सून दुकानातून पीठ आणत होती. कोठीला कोणी हात लावला नव्हता.

"आबा, ह्या जराशा सरकवाव्या लागतील," जोडणीवाला म्हणाला.

"कोठी जठे शे, तठेच राही. जागची हलणार नाही."

"अहो, बठ्ठा पत्रा शे, सगळा पत्रा. रेंज बाहेर कशी निंघी?"

"गहू वर्षभर पत्र्यात राहतो, बिघडत नाही. तुझं मशीन बिघडतं का?"

मुलगा काही बोलायला गेला, सुनेनं त्याला थांबवलं. जोडणीवाल्यानं पुढच्या खोलीत मोठं मशीन बसवलं, मग हात लांबवून कोठ्या आणि भिंतीच्या फटीत ते छोटं कसंबसं बसवलं. हिरवा दिवा लागला. पुढच्या खोलीत नेट पळायला लागलं. नात नाचली. मागच्या खोलीत मात्र पहिल्यासारखंच. सुनेच्या मोबाईलवर एक गोल फिरत होतं, मी दारातून पाहिलं.

"पत्र्यानं खाल्ली रेंज," जोडणीवाला म्हणाला, पेचकस पिशवीत टाकला आणि गेला.

संध्याकाळी चहा देताना सून म्हणाली, "आबा, राहू द्या कोठ्या. आम्ही पुण्यात खोली बघतोय. तुमच्या डब्याचं मी शेजारच्या अक्कांना सांगून जाईन."

ती रागावून बोलली असती तर मी भांडलो असतो. भांडण मला जमतं. पण ती खाली बघून बोलली. मी चहा प्यालो, कप पालथा घातला. वाईट वाटलं, असंही नाही म्हणता येत. हात बधिर झाल्यावर चिमटा काढला तर कळतो, पण दुखत नाही, तसं होतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यातून रिकाम्या गोण्या आणल्या. मुलाला उठवलं नाही. पहिल्या कोठीच्या खालच्या तोंडाला गोणी लावली आणि झाकण ओढलं. गव्हाबरोबर निंबाचा वाळका पालाही यायला लागला. तो मी निवडला नाही. गोणी भरली, तोंड बांधलं, दुसरी लावली.